स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घरच्या घरी कशी सुधारायची? पिकअप शेवटी, आधी हे करा!

दहा हजारांच्या आतबाहेरची इलेक्ट्रिक गिटार घेतली, पहिले दोन महिने रोज वाजवली आणि आता ती कव्हरमध्ये कपाटाशेजारी उभी आहे. एफ कॉर्ड काही केल्या नीट वाजत नाही, ट्यून केली तरी पाच मिनिटांत बेसूर होते आणि अ‍ॅम्प लावला की नुसतं घूंऽऽ. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: 'आपल्याला सूरच कळत नाही' किंवा 'महागडे पिकअप टाकले की सगळं ठीक होईल'. बऱ्याचदा दोन्ही चुकीचे असतात.

स्वस्त गिटारमध्ये नेमकी बचत कुठे झालेली असते, हे आधी समजून घेऊ. लाकूड कापणं, भोकं पाडणं ही कामं आता यंत्रावर होतात आणि बऱ्यापैकी अचूक होतात. वाचवलेला असतो तो माणसाच्या हाताचा वेळ. नटच्या खाचा तासणं, तारांची उंची लावणं, सूर जुळवणं या कामांना प्रत्येक गिटारमागे एखादा तास लागतो आणि स्वस्त गिटारच्या किमतीत तो बसत नाही. चांगली गोष्ट अशी, की तो वेळ तुमच्याकडे आहे. सोबत स्मार्टफोन आहे, म्हणजे मोजमापाचं निम्मं सामानही आहे.

उदाहरणासाठी माझ्या मावसभावाची गिटार घेतो. हॉस्टेलवर राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गिटार स्ट्रॅटोकास्टर आकाराची, तीन पिकअपवाली. नव्या पिकअपसाठी तो पैसे साठवत होता. म्हटलं, खर्च करण्याआधी एक रविवार दे. त्या रविवारी जे केलं तेच पुढे क्रमाने सांगतो.

ही गिटार उघडण्यासाठीच बनली आहे

स्क्रू काढायची भीती वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या गिटारची नक्कल जगभरातल्या स्वस्त गिटार करतात, ती स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली फेंडर कंपनीने बाजारात आणली. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतः गिटार वाजवत नव्हते. त्यांच्या डिझाइनमध्ये दुरुस्तीवाल्याचा विचार दिसतो. नेक चार स्क्रूंवर बसलेली, पिकअप आणि वायरिंग एकाच प्लास्टिकच्या पत्र्यावर. पत्रा उचलला की सगळं समोर.

क्वीन बँडच्या ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांसोबत घरीच गिटार बनवायला घेतली. जुन्या फायरप्लेसचं लाकूड, मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा असं सामान त्यात गेलं आणि तीच गिटार पुढे आयुष्यभर वाजली. तेव्हा घरी गिटारला हात लावणं हा काही आगाऊपणा नाही.

आपल्याकडेही ही समज जुनीच आहे. मिरजेत तंबोरा तयार झाला तरी जवारी काढल्याशिवाय तो बोलत नाही. घोडीचा पृष्ठभाग कारागीर हाताने घासून तार कुठे आणि किती टेकेल हे ठरवतो. तंबोऱ्यात ती झणझण हवी असते आणि गिटारमध्ये नको असते, एवढाच फरक. तार आणि तिच्या टेकूचं नातं दोन्हीकडे तितकंच महत्त्वाचं.

काय काय लागेल?

- तारांचा नवीन सेट. पहिली तार ०.००९ किंवा ०.०१० इंचांची, जी सध्या लावलेली असेल तीच जाडी घ्या
- गिटारसोबत आलेल्या अ‍ॅलन की आणि चांगला फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर
- अर्धा मिलिमीटर दाखवणारी स्टीलची पट्टी
- फिलर गेज. गॅरेजमध्ये प्लगचा गॅप मोजायला वापरतात तेच
- ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, ६बी पेन्सिल
- फोनवर सेंटमध्ये फरक दाखवणारं कुठलंही ट्यूनर अ‍ॅप
- पुढच्या टप्प्यासाठी मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि तांब्याची चिकटपट्टी

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळेल.

आधी निदान: फोनला विचारा

जुन्या, गंजलेल्या तारांवर काहीही मोजू नका. नवीन तारा लावा, प्रत्येक तार खुंटीला दोन-तीन वेढे बसतील अशी. मग तार बोटांनी हलकेच ओढा, पुन्हा ट्यून करा. सूर टिकेपर्यंत चार-पाच वेळा हे करावं लागतं. नवी तार सैल होतेच, तो गिटारचा दोष नाही.

आता ट्यूनर अ‍ॅप उघडा. दोन लगतच्या सुरांमध्ये १०० सेंटचं अंतर असतं. प्रत्येक तार आधी मोकळी अचूक लावा. मग पहिला फ्रेट आणि बारावा फ्रेट नेहमीच्या जोराने दाबून वाजवा आणि किती सेंट वर किंवा खाली दिसतंय ते लिहून ठेवा.

- पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर बराच चढा, पण बाराव्यावर जवळपास ठीक: दोष नटमध्ये
- पहिल्या फ्रेटवर ठीक, पण बाराव्यावर चढा किंवा उतरा: दोष ब्रिजवरच्या सॅडलच्या जागेत
- दाबून वाजवलेले सूर ठीक, पण थोड्या वेळाने मोकळी तारच उतरते: तार नटमध्ये अडकते, खुंटी सैल आहे किंवा ट्रेमोलो हलतोय

मावसभावाच्या गिटारवर सहावी तार पहिल्या फ्रेटला १८ सेंट चढी होती. त्याचा एफ कॉर्ड बेसूर वाजायचा आणि बोटंही दुखायची, याचं कारण हे. नटच्या खाचा उथळ असल्या की तार पहिल्या फ्रेटपासून फार उंच राहते. ती खाली दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. शिवाय दाबायला जोरही जास्त लागतो. वर्षभर तो स्वतःच्या बोटांना दोष देत होता.

टप्पा १: नेकचा बाक

तारांच्या ओढीने नेक किंचित पुढे वाकते. थोडा बाक हवाच, कारण कंप पावणाऱ्या तारेला जागा लागते. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे ०.२५ मिलिमीटर फट हवी. फिलर गेजचं तेवढं पातं सरकवून बघा.

फट जास्त असेल तर नेकच्या आतला ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने घट्ट करा, फटच नसेल तर उलट सैल करा. एका वेळी फार तर पाव फेरा. मग पुन्हा ट्यून करून मोजा. नट फिरतच नसेल तर जोर लावू नका, तिथे थांबा आणि जाणकाराला दाखवा. या गिटारमध्ये बिघडवता येण्यासारखा सगळ्यात महाग भाग हाच.

आपल्या हवेत हे मोजमाप वर्षातून दोनदा करणं बरं. लाकूड पावसाळ्यात ओलावा घेतं आणि उन्हाळ्यात सोडतं, त्यामुळे बाक बदलतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तर लाकूड आकसून फ्रेटची टोकं नेकच्या कडेने बाहेर येतात आणि तळव्याला टोचतात. अशा वेळी लाकडावर मास्किंग टेप लावून टोकं बारीक कानसीने हलकेच घासली की काम होतं.

टप्पा २: नट

तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. फोनचा कॅमेरा झूम करून फ्लॅश लावला की छान दिसतं. तिथे कागदाएवढी, जेमतेम फट हवी. तुमच्या तारेखाली जाड पुठ्ठा जाईल एवढी जागा असेल तर खाचा उथळ आहेत.

खाचा तासायच्या खास कानशी महाग असतात. सगळ्याच तारा सारख्या उंच असतील तर सोपा मार्ग असा: नटच्या कडेचं पॉलिश ब्लेडने हलकं कापा, लाकडाचा छोटा ठोकळा टेकवून हळूच ठोका, नट सुटतो. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून नटचा तळ घासा. चार-पाच घास, परत बसवा, तारा लावा, बघा. कंटाळवाणं आहे, पण घाई इथेच महागात पडते. जास्त घासला गेला तर मोकळी तार फ्रेटला लागून झणझणते आणि मग नवा नट घ्यावा लागतो. सुदैवाने प्लास्टिकचा नट अगदी स्वस्त असतो.

ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय. ६बी पेन्सिलचं टोक खाचेत घासा. त्यातलं ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं.

टप्पा ३: तारांची उंची आणि सूर

बाराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड सहाव्या तारेला साधारण २ मिलिमीटर आणि बारीक पहिल्या तारेला दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवा. सॅडलवरचे दोन छोटे अ‍ॅलन स्क्रू फिरवले की उंची बदलते. फार खाली आणली तर तार झणझणते. मावसभावाच्या गिटारवर सहावी तार ३.२ मिलिमीटरवर होती, ती १.९ वर आणली.

आता सूर. बारावा फ्रेट मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर वाजायला हवा. या प्रकारच्या गिटारमध्ये नट ते सॅडल अंतर साधारण ६४८ मिलिमीटर असतं आणि बारावा फ्रेट त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ३२४ वर. पण तार दाबल्यावर ताण वाढतो, म्हणून प्रत्येक सॅडल थोडं मागे ठेवावं लागतं. नियम सोपा आहे: बारावा फ्रेट चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब न्या, उतरा असेल तर जवळ आणा. दर वेळी मोकळी तार पुन्हा ट्यून करून मगच तपासा.

ट्रेमोलोचा दांडा तुम्ही वापरत नसाल तर आणखी एक फुकटचा उपाय. मागचं झाकण काढा आणि स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवल्यात तिचे दोन स्क्रू घट्ट करा, ब्रिज बॉडीवर पूर्ण टेकेपर्यंत. ब्रिज हलायचा थांबला की ट्यूनिंग बरंच टिकतं. हे करणार असाल तर उंची आणि सूर लावण्याआधीच करा.

टप्पा ४: पिकअपची उंची

पिकअप विकत घेण्याआधी आहे तो पिकअप नीट लावून बघा. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपच्या खांबापर्यंत अंतर मोजा. सिंगल कॉइल पिकअपला जाड तारेकडे २.४ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर ही चांगली सुरुवात आहे. खांब स्वतःच चुंबक असलेले पिकअप फार जवळ आणले तर ते तारेलाच ओढतात आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगल्यासारखा येतो. लांब नेला तर आवाज लहान पण स्वच्छ होतो. तीनही पिकअपचा आवाज सारखा येईल असं दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून जुळवा.

टप्पा ५: घूंऽऽ कुठून येतं?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर ५० आणि त्याच्या पटीत, १०० हर्ट्झवर वगैरे ऐकू येते. पत्रा उघडण्याआधी तीन चाचण्या करा.

१. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते का? होत असेल तर अर्थिंगची वायर शाबूत आहे, फक्त आतल्या पोकळीला आवरण नाही. हात लावल्यावर वाढत असेल तर वायरिंगमध्ये किंवा घराच्या अर्थिंगमध्ये गडबड आहे.
२. गिटार धरून जागच्या जागी गोल फिरा. दिशेप्रमाणे आवाज बदलत असेल तर पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. याला तांब्याची पट्टी फारशी उपयोगी पडत नाही.
३. फोनला इंटरफेस जोडून वाजवत असाल तर चार्जर काढून बघा. दोन पिनच्या चार्जरमुळे येणारी घरघर लगेच थांबते.

पहिल्या चाचणीत आवाज कमी झाला तर पुढचं काम करण्यासारखं आहे. पत्रा उचलण्याआधी वायरिंगचे चार-पाच फोटो काढा, प्रत्येक वायरचा रंग दिसेल असे. मग पोकळीच्या आत आणि पत्र्याच्या मागे तांब्याची चिकटपट्टी लावा. तुकडे एकमेकांवर चढवा आणि मल्टिमीटरच्या बीपवर सगळे एकमेकांशी जोडले गेलेत का ते तपासा. एका वायरने हे आवरण पॉटच्या पाठीवर, म्हणजे अर्थवर जोडा. जॅकचा सिग्नलवाला पाय पट्टीला टेकू देऊ नका, नाहीतर आवाजच बंद होईल.

पॉट फिरवताना खरखर येत असेल तर बदलायची घाई नको. काँटॅक्ट क्लीनर मारून पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवा. बदलायचाच झाला तर सिंगल कॉइलला २५० आणि हंबकरला ५०० किलोओम घ्या. स्वस्त गिटारमध्ये पॉट बऱ्याचदा लहान आकाराचे असतात, मोठ्यासाठी भोक रुंद करावं लागतं.

हे मात्र गांभीर्याने घ्या: शॉक

साध्या गिटारमध्ये स्वतःची वीज नसते. पण तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्प २३० व्होल्टवर चालतो. घराच्या प्लगमध्ये अर्थिंग नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये गळती असेल, तर ती वीज तारांवर येते. दुसऱ्या हातात किंवा ओठाशी माइक असेल तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तारांना किंवा माइकला झिणझिण्या आल्या की वाजवणं थांबवा, प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये जुगाड करून घालू नका. अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवा, आणि नंतर हात धुवा, सोल्डरमध्ये शिसं असतं.

आणि शेवटी पिकअप

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर लोखंडी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेलं तत्त्व ते हेच. शाळेत शिकलेला धडा इथे बोटाखाली वाजतो.

पिकअप बदलायचा का, हे आधी तपासा. मल्टिमीटरवर सिंगल कॉइलचा रोध साधारण ५ ते ८ किलोओम दिसतो. आकडाच येत नसेल तर आतली तार तुटली आहे.

फोनचा कंपासही कामाला येतो. प्रत्येक पिकअपपासून दहा-एक सेंटिमीटरवर फोन धरा, चिकटवू नका. मधल्या पिकअपसमोर सुई बाकीच्या दोघांच्या उलट वळली तर त्याचा चुंबक उलटा आहे. असा पिकअप सहसा वेढेही उलटे घेऊन येतो. मग स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप एकत्र वाजतात तेव्हा घरघर बरीच कमी होते. तिन्ही सारखे असतील तर ही सोय तुमच्या गिटारमध्ये नाही, आणि नवीन सेट घ्यायला हे एक चांगलं कारण आहे.

घेण्याआधी दोन अंतरं मोजा: खांबांची रांग किती मिलिमीटरची आहे आणि पोकळी किती खोल आहे. ब्रिज किंवा खुंट्या घेतानाही हेच. स्वस्त गिटारची बॉडी पातळ आणि स्क्रूंमधलं अंतर वेगळं असू शकतं. 'सगळ्या स्ट्रॅटला बसतो' या जाहिरातीवर जाऊ नका.

हिशोब

मावसभावाच्या गिटारला नव्या तारा, तांब्याची पट्टी, पॉलिश पेपर, काँटॅक्ट क्लीनर आणि फिलर गेज असा दोन हजारांच्या आत खर्च आला. पहिल्या फ्रेटचा सूर १८ सेंटवरून ४ वर आला. पिकअप जुनेच राहिले. ते त्याला पुढेमागे बदलायचे असतील तर बदलेल, पण आता तो आवाज आवडत नाही म्हणून बदलेल, एफ कॉर्ड जमत नाही म्हणून नाही.

तुमच्या गिटारसाठी क्रम हाच ठेवा: नवीन तारा, निदान, नेक, नट, उंची, सूर, पिकअपची उंची, मग आवरण आणि सगळ्यात शेवटी नवे सुटे भाग. प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर फोनवर तेच गाणं त्याच आवाजात रेकॉर्ड करा. मित्राला दोन्ही फाइल नावं लपवून ऐकवा. त्याला फरक ओळखता आला तरच पुढचे पैसे खर्च करा. गिटार कव्हरमधून काढा, ट्यूनर अ‍ॅप उघडा आणि पहिल्या फ्रेटपासून सुरुवात करा. दोष बोटांचा आहे की नटचा, ते पाच मिनिटांत कळेल.